बेसमेंटचं पाणी: बाहेरून अडवायचं, आतून बुजवायचं की वाट काढून द्यायची?

सोसायटीच्या कमिटीपुढे साधारण तीन कोटेशनं येतात. एकात इंजेक्शन ग्राउटिंग (भेगांत पंपाने मटेरियल भरणं), दुसऱ्यात आतून कोटिंग, तिसऱ्यात बाहेरून खोदून मेंब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा पडदा. रकमांत इतकी तफावत असते की तुलना कशाशी करायची तेच कळत नाही, आणि शेवटी मधल्या रकमेवर बोट ठेवलं जातं. ही तिन्ही कामं वेगवेगळी आहेत, हे कोणी सांगत नाही. मेंब्रेन पाण्याला भिंतीपर्यंत पोचूच देत नाही, कोटिंग भिंतीत शिरलेल्या पाण्याला आतल्या तोंडाशी थोपवतं, इंजेक्शन ठरावीक फटी बुजवतं. चौथा पर्याय, म्हणजे पाणी येऊ देऊन शिस्तीत बाहेर काढणं, कोटेशनमध्ये सहसा नसतोच. त्यात विकायला फारसं काही नाही. माझ्या मते पुण्यासारख्या ठिकाणच्या जुन्या इमारतींसाठी बरेचदा तोच पाया धरावा आणि बाकीचं त्यावर बेतावं.

कारण आपल्या जमिनीत आहे. पुण्याखाली काळा पाषाण, वर मुरूम. बेसमेंटसाठी खडक फोडून खड्डा केला जातो, त्यात रिटेनिंग वॉल (माती अडवणारी भिंत) उभी राहते, आणि भिंत व खडक यांच्यातल्या मोकळ्या पट्ट्यात मिळेल तो भराव टाकतात: माती, विटांचे तुकडे, प्लास्टरचा राडारोडा. पावसाचं पाणी त्या सैल भरावात सहज उतरतं, पण कातळातून ते सहजासहजी निघत नाही. भिंतीबाहेर एक लपलेली टाकीच तयार होते. एक मीटर पाणी चढलं की तळाशी दर चौरस मीटरला सुमारे एक टन दाब. तीन मीटर उंच भिंतीमागे पाणी काठोकाठ भरलं, तर भिंतीच्या प्रत्येक धावत्या मीटरवर एकूण साडेचार टन रेटा येतो. मुंबईत, विशेषतः भराव घातलेल्या किनारी भागात, प्रश्न निराळा: तिथे पाणी खारं असतं आणि त्यातले क्लोराइड सळया खातात.

आधी पाणी कोणाचं ते बघा

मे महिन्यात, पाऊस नसताना, भिंत ओली असेल तर पावसाला दोष देऊ नका. बेसमेंटला लागून असलेली पाण्याची भूमिगत टाकी हा पहिला संशयित. ती दोन दिवस रिकामी ठेवता आली तर ठेवा आणि ओलीची कड खडूने आखून ठेवा. कड मागे सरकली तर खर्च टाकीच्या आतल्या कोटिंगवर करायचा, बेसमेंटच्या भिंतीवर नाही. दुसरी संशयित ड्रेनेजची चेंबर आणि फुटकी पाइपलाइन. संडासाच्या फ्लशच्या टाकीत रंग टाका; तो ओलीत उतरला की उत्तर मिळतं. तिसरी, पोडियमवरची, म्हणजे बेसमेंटच्या छतावरची बाग. छतातून ठिबकणारं पाणी आणि भिंतीतून येणारं पाणी ही दोन वेगळी दुखणी आहेत, पण एका कोटेशनमध्ये ती बिनधास्त एकत्र केलेली असतात.

ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील तर यातलं काहीच स्वतःच्या खर्चाने करू नका. रेराच्या कलम १४(३)प्रमाणे बांधकामातला दोष लेखी कळवल्यावर तीस दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी बिल्डरची आहे. आधी फोटो, मग पत्र.

बाहेरून

तत्त्वाने हेच सर्वांत चांगलं. पाण्याचा दाब मेंब्रेनला भिंतीवर दाबून धरतो, भिंतीचं काँक्रीट कोरडं राहतं, सळयांनाही संरक्षण मिळतं. नव्या बांधकामात दुसरा विचारच नको. जुन्या इमारतींत राफ्टखाली (राफ्ट म्हणजे तळाचा सलग काँक्रीटचा पाया) आणि भिंतीबाहेर शहाबादी फरशीचं बॉक्स वॉटरप्रूफिंग असतं. ते मन लावून केलं असेल तर अनेक वर्षं टिकतं; सांधे नीट भरले नसतील तर फरशीमागे पाणी फिरत राहतं आणि शिरलं कुठे, दिसलं कुठे याचा पत्ता लागत नाही.

उभ्या इमारतीला मात्र बाहेरून जाणं म्हणजे पायाच्या पातळीपर्यंत चर खोदणं. सीमाभिंत, झाडं, केबल, गॅसलाइन सगळं मध्ये येतं. दीड मीटरहून खोल चराला टेकू हवेतच, आणि शेजारच्या इमारतीच्या पायाखाली खोदाई जाता कामा नये. शिवाय राफ्टच्या खाली जाता येत नाही, म्हणजे तळातून येणारं पाणी तसंच. एका बाजूला मोकळी जागा असेल आणि गळती नेमकी त्याच बाजूची असेल, तरच हा मार्ग परवडतो. करायचंच झालं तर खोदून काढलेला राडारोडा परत चरात जाऊ देऊ नका. तिथे खडी आणि तळाला निचऱ्याची पाइप टाकून घ्या. अनेकदा मेंब्रेनपेक्षा तेवढ्यानेच जास्त फरक पडतो.

आतून कोटिंग

इथे दोन जाती आहेत आणि दुकानदार दोन्हींना वॉटरप्रूफिंगच म्हणतो. पॉलिमरचं दोन घटकांचं सिमेंट कोटिंग बाहेरच्या बाजूला उत्तम, पण आतून लावलं की मागचं पाणी त्याला ढकलत राहतं आणि काही काळाने फोड येतात. एपॉक्सी पेंटचं तर हमखास असं होतं. क्रिस्टलाइन कोटिंग वेगळं: त्यातली रसायनं काँक्रीटमधल्या चुन्याशी आणि पाण्याशी मिळून सूक्ष्म छिद्रांत स्फटिक तयार करतात, म्हणून ते आतून लावता येतं.

अटी मात्र कडक. प्लास्टर, रंग, जुना सिमेंटचा हात, सगळं उतरवून उघडं काँक्रीट लागतं. पृष्ठभाग ओलसर हवा आणि नंतर दोन-तीन दिवस पाण्याचा फवारा. प्लास्टरवरच ब्रश फिरवणारा कॉन्ट्रॅक्टर दिसला तर काम तिथेच थांबवा. केसासारख्या बारीक भेगा यात मिटतात; हलणारे सांधे, खडी उघडी पडलेलं पोकळ काँक्रीट आणि एक्स्पान्शन जॉइंट मिटत नाहीत. म्हणजे सरसकट ओलसर, पण धड काँक्रीटच्या भिंतीसाठी हे चांगलं. धार लागलेल्या ठिकाणी एकट्याने निरुपयोगी.

इंजेक्शन

सर्वांत जास्त विकलं जाणारं आणि सर्वांत जास्त बिघडवलं जाणारं काम. बेसमेंट बहुतेक वेळा तीन ठिकाणी गळतं: राफ्ट आणि भिंत यांचा सांधा, एका दिवसाचं काँक्रीट संपून दुसऱ्या दिवशीचं सुरू झालं ती रेघ, आणि शटरिंग बांधून ठेवणाऱ्या टाय-रॉडची भोकं. तिथे इंजेक्शन खरंच योग्य. नीट चाललेलं काम ओळखता येतं. भोकं भेगेवर सरळ पाडत नाहीत. भेगेच्या बाजूला, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, ४५ अंशांत तिरपी पाडतात, म्हणजे भिंतीच्या साधारण मध्यावर भोक भेगेला छेदतं. भोकांत पॅकर (मटेरियल आत ढकलायच्या नळ्या) बसवून पंप सुरू केला की भेगेतून आधी गढूळ पाणी येतं, मग पाण्यात मिसळलेला फेस, आणि शेवटी घट्ट पिवळसर फेस. तो दिसला की पुढचा पॅकर. भोकं भेगेपर्यंत पोचलीच नसतील तरी पंप चालतो, मटेरियल जातं, बिल होतं.

मटेरियलची निवड इथे सगळ्यात महत्त्वाची. पाणी पिऊन फुगणारं जेल बारमाही ओल्या जागेत छान काम करतं. पण जी भिंत उन्हाळ्यात कोरडी पडते तिथे ते सुकून आकसतं, आणि पुढच्या जूनमध्ये त्याच फटीतून पाणी हजर. हंगामी गळतीला पाणी न धरणारा पीयू (पॉलियुरेथेन) फोम घ्यावा, आणि धार थांबल्यावर त्याच भेगेत घट्ट बसणारं रेझिन. नुसता फोम हे तात्पुरतं बूच आहे. पोकळ काँक्रीटसाठी न आकसणारं सिमेंट ग्राउट स्वस्त आणि पुरेसं. बारीक भेगेत साध्या सिमेंटचे कण शिरत नाहीत. एपॉक्सीचं काम गळती थांबवण्याचं नाहीच. ते तडकलेलं काँक्रीट पुन्हा सांधण्यासाठी, शक्यतो कोरड्या आणि आता न हलणाऱ्या भेगेत.

गॅरंटीचा कागद वाचताना एक बघा. एक फट बुजली की पाणी शेजारची शोधतं. गॅरंटी ‘ट्रीट केलेल्या भागापुरती’ असेल तर ती दुसरी गळती कायम नवीनच ठरणार.

वाट काढून देणं

भिंतीच्या पायथ्याशी चॅनेल, त्याला उतार, शेवटी सम्प, म्हणजे पाणी गोळा करायचा खड्डा, त्यात फ्लोट स्विचवर चालणारे दोन पंप. भिंतीला बटणांसारखे उंचवटे असलेली प्लास्टिक शीट लावली तर पाझर तिच्यामागून चॅनेलमध्ये उतरतो आणि समोर कोरडं दिसतं. ब्रिटनच्या बीएस ८१०२ या मानकात अडथळा, मुळातलं घट्ट काँक्रीट आणि निचरा हे तीन प्रकार बरोबरीने मानले आहेत, आणि धोका जास्त तिथे दोन प्रकार एकत्र वापरायला सांगितलं आहे. आपल्याकडे निचरा म्हणजे कॉन्ट्रॅक्टरने हात टेकले असं समजलं जातं, ते चूक आहे.

तळाचं उदाहरण घ्या. बऱ्याच पार्किंगमध्ये खाली सलग राफ्ट नसतो. फुटिंगांच्या, म्हणजे कॉलमांच्या सुट्या पायांच्या, मधल्या जागेत १०० मिमीचा पीसीसी (सळया नसलेल्या साध्या काँक्रीटचा थर) असतो. त्याचं वजन दर चौरस मीटरला साधारण २४० किलो. खालचं पाणी बाहेर पडायच्या सगळ्या वाटा बंद केल्या तर पाव मीटर दाबालाच तो उचलला जाऊ शकतो. मग फरशी फुगते, तडकते, आणि पाणी नव्या जोमाने येतं. अशा तळाला निचराच लागतो.

तोटेही आहेत. वीज गेली की पंप बंद, म्हणून जनरेटरची लाइन हवी. पाण्यातल्या चुन्याचा पांढरा थर चॅनेल बुजवतो, दर वर्षी पावसाळ्याआधी तो खरवडावा लागतो. उघड्या सम्पात डास होतात. आणि सम्पमध्ये सतत माती साचत असेल तर काम थांबवून इंजिनिअरला बोलवा: ती पायाखालून वाहून येत असू शकते. फिल्टरशिवाय उपसा चालू ठेवणं तेव्हा धोक्याचं.

सळया गंजल्या असतील तर

मग वरचा सगळा क्रम बदलतो. कॉलमच्या पायथ्याला उभ्या भेगा, तपकिरी डाग, ठोकल्यावर भद्द आवाज: हे वॉटरप्रूफिंगवाल्याचं काम नाही. स्ट्रक्चरल कन्सल्टंट आधी, टेकू आधी.

काँक्रीट थोडकंच गेलं असेल तर सैल भाग काढून, सळीच्या मागेपर्यंत मोकळं करून, गंज घासून पॉलिमर मॉर्टर. जास्त खोल असेल तर शटरिंग लावून मायक्रोकाँक्रीट (बारीक खडीचं, सहज वाहणारं काँक्रीट). सळयांची जाडीच घटली असेल तर जॅकेटिंग (कॉलमभोवती नव्या सळया-काँक्रीटचं वेष्टण) किंवा एपॉक्सीने चिकटवलेलं कार्बन फायबरचं कापड, आणि खरी निवड इथे असते. आयएस १५९८८ या भूकंप-मजबुतीकरणाच्या मानकात काँक्रीटच्या जॅकेटची किमान जाडी १०० मिमी आहे, म्हणजे कॉलम दोन्ही अंगांनी मिळून २०० मिमी रुंद होतो. अडीच मीटरच्या पार्किंगमधून तेवढं गेलं की सभासदांत भांडण ठरलेलं. फायबर काही मिलिमीटरच जागा घेतं आणि काम लवकर होतं. पण ते आतला गंज थांबवत नाही, ओल्या पृष्ठभागावर नीट चिकटत नाही, आणि त्यातलं एपॉक्सी आगीत लवकर मऊ पडतं. बेसमेंटच्या ओलसर, गंजलेल्या कॉलमला मी जॅकेटच सुचवीन, पार्किंगची जागा गेली तरी. खाऱ्या पाण्याच्या भागात नुसती ठिगळंही लावू नका: दुरुस्त तुकड्याच्या शेजारची सळी जास्त वेगाने गंजते.

कोणी काय घ्यावं

एक-दोन सांध्यांतून धार, बाकी भिंत धड: फक्त इंजेक्शन, तेही गळती चालू असताना, ऑगस्ट-सप्टेंबरात. दर धावत्या मीटरवर ठरवा. पॅकरच्या संख्येवर दर दिला की पॅकर वाढत जातात. भिंत सगळीकडे ओलसर, धार कुठेच नाही: क्रिस्टलाइन, जानेवारी ते मे. तळातूनही पाणी, भरावही खराब: चॅनेल, सम्प, मोठ्या फटींना इंजेक्शन, आणि वर भिंतीलगतच्या जमिनीला इमारतीपासून बाहेर जाणारा उतार. पैसे या वर्षी एकाच कामापुरते असतील तर आधी गच्चीचे पावसाळी पाइप थेट गटाराला जोडून घ्या. बऱ्याच इमारतींत ते भिंतीलगतच्या त्याच भरावात मोकळे सोडलेले असतात.