सोन्याचा वर्ख घराबाहेर: चिपळूणचे दोन पावसाळे काढल्यावर

२२ महिन्यांपूर्वी, डिसेंबरात, आम्ही चिपळूणच्या नव्या घराच्या दर्शनी भिंतीवरची तांब्याची अक्षरं, ‘कृष्णाई’, आणि गच्चीवरच्या देवळीचा कळस यांना साडेतेवीस कॅरेटचा वर्ख चढवला. मिलानमध्ये २०१५ साली एका जुन्या इमारतीला बाहेरून अख्खा २४ कॅरेटचा वर्ख लावल्याचं पाहिलं होतं, तेव्हापासून हे डोक्यात होतं.

कळस आजही पहिल्या दिवसासारखा आहे. पाऊस पडला की धूळ धुऊन जाते, बाकी काही करावं लागत नाही.

खर्चाची भीती घालतात, पण सोनं त्यातला छोटा भाग. पान ८० मिलिमीटर चौरस, पुडक्यात २५ पानं, जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. चौरस मीटरला जेमतेम दोन ग्रॅम सोनं लागतं. मजुरी आणि परांची बांधायलाच जास्त पैसे गेले.

खरं काम वर्खाच्या खाली असतं. तांबं घासून उघडं केलं, त्यावर इपॉक्सी प्रायमर, मग पिवळा एनॅमल, म्हणजे बारीक फटी राहिल्या तरी दिसत नाहीत. त्यावर साइज, म्हणजे वर्ख चिकटवायचा जवसाच्या तेलाचा लेप, बारा तासांत वर्खाजोगा होणारा. संध्याकाळी लावलं, सकाळी कारागीर बोटाचं पेर टेकवून बघायचा. पेर उचलताना बारीक ‘टक्’ आवाज आला, पण बोटाला काही लागलं नाही, की वर्ख लावायची वेळ झाली. वाऱ्याला पान उभं राहत नाही, म्हणून कागदावर दाबलेला वर्ख घेतला.

बिघडलं ते ‘ष्णा’मध्ये. त्या जोडाक्षराच्या आतल्या कोपऱ्यात घासणी नीट झाली नव्हती आणि पाणी साचायचं. दुसऱ्या श्रावणात तिथं फोड आला. नखानं पापुद्रा उचलला, तर वर सोनं तसंच लखलखीत आणि खाली तांब्यावर हिरवा कळंक. सोन्याला काही झालं नव्हतं, प्रायमरनं दगा दिला होता.

दुसरी चूक माझीच. ‘ई’वर रंगाऱ्यानं संरक्षण म्हणून पारदर्शक लॅकर मारलं आणि मी अडवलं नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात ते पिवळं पडलं, सुटलं आणि सोन्यालाही सोबत घेऊन गेलं. अस्सल वर्खावर बाहेर वार्निश नकोच. फाटकावरच्या वेलबुट्टीला मात्र पितळी वर्ख होता, त्याला वार्निश लागतंच. तरीही पहिल्याच पावसाळ्यात तो काळा पडला. शिवाय फाटक हाताच्या उंचीवर. तिथं अस्सल सोनंसुद्धा पिशव्या आणि हात लागून झिजलं असतं, म्हणून आता तिथं साधा रंग आहे.

पॅरिसच्या अँव्हालिद या जुन्या लष्करी वास्तूच्या घुमटाला १९८९ साली साडेबारा किलोंहून जास्त सोनं लागलं, आणि तो उघड्यावरच उभा आहे. आपल्याकडच्या पावसातही वर्ख टिकतो, हे आता मी छातीठोकपणे सांगेन, फक्त पाणी साचेल असा कोपरा ठेवू नका.

येत्या डिसेंबरात ‘ष्णा’ आणि ‘ई’ पार तांब्यापर्यंत खरवडून पुन्हा करणार आहे. पहिल्या कामातलं अर्धं पुडकं कपाटात कोरडं ठेवलंय, तेवढं पुरेल.