जुन्या गाडीतील विजेचा बिघाड घरी शोधताना: टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर की स्कॅनर?

जुन्या मोटारीतील विजेचे बिघाड स्वतः शोधायचे ठरवले की उपकरण कोणते घ्यावे हा प्रश्न आधी येतो. टोकदार सुई आणि मुठीत छोटा बल्ब असलेला टेस्ट लॅम्प, डिजिटल मल्टिमीटर, वायरीभोवती जबडा मिटून प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर आणि गाडीतील संगणकाने नोंदवलेले दोष वाचणारा ओबीडी स्कॅनर असे चार पर्याय साधारणपणे समोर असतात. यांतले सर्वांत आधुनिक ते सर्वांत उपयोगी, असा समज सहज होतो. पण जुन्या गाडीत प्रत्यक्षात काय बिघडते हे पाहिल्यावर क्रम जवळजवळ उलटा लागतो.

जुन्या गाडीत एखादा सुटा भाग अचानक निकामी होण्यापेक्षा जोड खराब होण्याचे प्रकार अधिक आढळतात. तांब्याच्या तारेवर हिरवट थर चढतो, अर्थची वायर (बॉडीमार्गे बॅटरीकडे परतणारी विजेची वाट) जिथे बॉडीला बोल्टने कसलेली असते तिथे गंज धरतो, दाराच्या बिजागरीपाशी सतत वाकणाऱ्या वायरीतील एकेक धागा तुटत जातो, रिलेचे (विजेवर चालणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट जळतात आणि फ्यूजपेटीतील पकडी सैल होतात. या सगळ्यांत विजेची वाट पूर्ण बंद होत नाही, ती अरुंद होते. परिणामी दिवा किंवा मोटर जोडलेली नसताना विद्युतदाब पूर्ण दिसतो आणि भार पडताच तो कोसळतो. म्हणून उपकरण निवडताना ते भाराखालचा दोष दाखवते की नाही, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे.

या कसोटीवर टेस्ट लॅम्प त्याच्या साधेपणाच्या मानाने फार वर येतो. त्यातला 5 वॅटचा बल्ब 12 व्होल्टवर सुमारे 0.4 अँपिअर प्रवाह ओढतो, तर डिजिटल मल्टिमीटरचा अंतर्गत रोध साधारण 10 मेगाओहम असल्यामुळे तो केवळ एक-दोन मायक्रोअँपिअर ओढतो. समजा, टेल लॅम्पच्या होल्डरमध्ये गंज इतका वाढला आहे की प्रवाहाला जेमतेम जागा उरली आहे. तिथे मल्टिमीटर निःशंकपणे 12.5 व्होल्ट दाखवील आणि तपासणारा बल्ब बदलत बसेल. टेस्ट लॅम्प मात्र मिणमिणता पेटून दोष लगेच उघड करील. हा गुण तारेच्या साध्या बल्बचा आहे. एलईडी असलेला टेस्टर अगदी थोड्या प्रवाहावर उजळतो, त्यामुळे या कामात तो मल्टिमीटरइतकाच फसवा ठरतो.

टेस्ट लॅम्पची मर्यादा अशी की तो आकडा सांगत नाही. 12.6 आणि 11.8 व्होल्टमधला फरक डोळ्यांना कळत नाही, आणि बॅटरीच्या बाबतीत नेमका तोच फरक निर्णायक असतो. काही तास स्वस्थ ठेवलेली पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 म्हणजे ती निम्मी उतरलेली असते आणि 12 च्या खाली ती जवळजवळ रिकामी समजावी. भरलेल्या बॅटरीचा दाब सेल्फ मारताना 9.6 व्होल्टच्या खाली गेला, तर बॅटरी थकली आहे किंवा स्टार्टर प्रमाणाबाहेर प्रवाह ओढतो आहे. इंजिन चालू असताना अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे जनित्र) ठीक असेल तर 13.8 ते 14.5 च्या दरम्यान वाचन मिळते. 13 च्या खाली राहिले तर चार्जिंग होत नाही आणि 15 च्या वर गेले तर चार्जिंगचा दाब आवरणारा रेग्युलेटर संशयित ठरतो. अल्टरनेटरऐवजी जुन्या पद्धतीचे जनित्र म्हणजे डायनॅमो असलेल्या गाडीला हे आकडे मंद गतीवर लावू नयेत, कारण डायनॅमो त्या गतीवर फारसे चार्जिंग करतच नाही. शिवाय काही फार जुन्या गाड्या 6 व्होल्टच्या असतात, तर काहींत, विशेषतः 1960 च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत, बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. मल्टिमीटर अशा वेळी फार तर उणे चिन्ह दाखवतो, पण 12 व्होल्टचा टेस्ट लॅम्प 6 व्होल्टवर मंदच पेटतो आणि नसलेला दोष दाखवतो.

मल्टिमीटरची खरी ताकद मात्र बॅटरीच्या वाचनात नसून भाराखाली होणारी दाबाची घट मोजण्यात आहे, आणि घरी काम करणारे बहुतेक जण नेमकी हीच चाचणी करत नाहीत. हेडलाइट चालू ठेवावा, मीटरची काळी सुई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि लाल सुई हेडलाइटच्या अर्थच्या पिनवर ठेवावी (धन टोक बॉडीला जोडलेल्या गाडीत बॅटरीचे टोक अर्थातच बदलेल). वाट स्वच्छ असेल तर 0.1 ते 0.2 व्होल्टपेक्षा अधिक वाचन येणार नाही. एक व्होल्ट आला तर तेवढा दाब अर्थच्या वाटेतच खर्च होत आहे. मग लाल सुई एकेका जोडावरून बॅटरीकडे सरकवत न्यावी, आणि ज्या जोडाच्या अलीकडे-पलीकडे आकडा एकदम खाली येतो तो जोड उघडून घासावा. हीच रीत स्टार्टरच्या जाड केबललाही लागू पडते. तिथे सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टपर्यंतची घट चालते. टेस्ट लॅम्प दोष आहे एवढे सांगतो, ही चाचणी तो कोणत्या बोल्टखाली आहे ते सांगते.

याउलट मीटरवरील ओहमचे माप आणि वाट जोडलेली असल्यास वाजणारा बझर यांवर या कामात फार विसंबू नये. जाड केबलचा एकच धागा शिल्लक असला तरी बझर आनंदाने वाजतो, कारण त्याच्या क्षुल्लक प्रवाहाला तो एक धागा पुरतो.

वारंवार फ्यूज उडत असेल तर पारडे पुन्हा बल्बकडे झुकते. शॉर्ट शोधायला बझर लावला तर थंड बल्बच्या तारेचा अत्यल्प रोधही त्याला शॉर्टसारखाच वाटतो. त्यापेक्षा त्या फ्यूजवरची सर्व उपकरणे सोडवावीत आणि फ्यूजच्या जागी 55 वॅटचा हेडलाइटचा बल्ब वायरीने जोडावा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजाने पेटतो, पण प्रवाह साडेचार-पाच अँपिअरच्या पुढे जाऊ देत नाही. 10 अँपिअर किंवा अधिक क्षमतेच्या फ्यूजच्या वायरिंगला तो सहज सोसतो. मग हार्नेस (वायरींचा जुडगा) जागोजाग हलवून पाहावे. ज्या जागी बल्ब लुकलुकतो किंवा विझतो, तिथे वायर घासून बॉडीला टेकलेली असते. बल्ब चांगलाच तापतो, तो प्लॅस्टिकपासून दूर ठेवावा. उडणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठ्या क्षमतेचा फ्यूज घालण्याचा मोह मात्र वायरिंग जाळणारा आहे.

उभ्या गाडीत बॅटरी उतरत असेल तर तुलना मल्टिमीटर आणि क्लॅम्प मीटर यांच्यात होते. घड्याळ आणि रेडिओची स्मृती एवढेच चालू असलेल्या गाडीने 50 मिलिअँपिअरपेक्षा अधिक ओढू नये. अर्धा अँपिअर सतत वाहत राहिला तर दिवसाला 12 अँपिअर-तास जातात आणि 45 अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत संपते. मल्टिमीटरने हे मोजायचे तर ऋण टर्मिनलची केबल सोडवून टर्मिनल आणि केबल यांच्यामध्ये मीटर जोडावा लागतो. तेवढ्याने अडकलेला रिले कधी कधी सुटतो आणि दोष तात्पुरता नाहीसा होतो. शिवाय मीटर जोडलेला असताना चुकून सेल्फ मारला किंवा सुई अँपिअरच्या छिद्रात विसरून व्होल्ट मोजायला घेतले, तर मीटरचा फ्यूज जातो. क्लॅम्प मीटरला काहीच सोडवावे लागत नाही, आणि स्टार्टरचे शंभर-दोनशे अँपिअर घरी मोजण्याचा तो एकमेव सोयीचा मार्ग आहे. मात्र बाजारातले अनेक क्लॅम्प मीटर केवळ एसी प्रवाह मोजतात, म्हणून गाडीसाठी डीसी प्रवाह मोजणारा आणि मिलिअँपिअरपर्यंत वाचणाराच घ्यावा लागतो. तो नसेल तर मधला मार्ग आहे: फ्यूज न काढता त्याच्या माथ्यावरील दोन उघड्या बिंदूंवर मल्टिमीटरने मिलिव्होल्ट मोजावेत. 10 अँपिअरच्या ब्लेड फ्यूजचा रोध सात-आठ मिलिओहम असतो, म्हणजे अर्धा अँपिअर वाहत असल्यास जवळपास चार मिलिव्होल्ट दिसतात आणि चोर कोणत्या वायरिंगवर आहे ते कळते. माझ्या मते कधीतरीच गरज पडणाऱ्याला एवढे पुरते.

स्कॅनरचा विचार गाडीच्या वयावरून लवकर संपतो. अमेरिकेत ओबीडी-टू, म्हणजे असे स्कॅनर जोडण्याची प्रमाणित पद्धत, 1996 च्या मॉडेलांपासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना 2001 पासून सक्तीचे झाले. त्याआधीच्या गाड्यांत बहुधा ते सॉकेट नसते, किंवा निर्मात्याची स्वतःची पद्धत असते. सॉकेट असले तरी साधे स्कॅनर बहुधा इंजिनाचेच दोष वाचतात, वायपर किंवा ब्रेक लाइट का बंद आहे ते सांगत नाहीत. कोड आला तरी तो परिपथाचे नाव सांगतो, सुट्या भागाचे नाही: पी0335 म्हणजे क्रँकशाफ्ट सेन्सरच्या परिपथात दोष, आणि तो सेन्सर, कनेक्टर किंवा वायर यांपैकी कुठेही असू शकतो. पुढचे काम पुन्हा मल्टिमीटरचेच. स्कॅनर सॉकेटमध्ये तसाच ठेवू नये, कारण तिथल्या 16 व्या पिनला बॅटरीचा दाब सतत मिळतो आणि बॅटरी उतरवणारे उपकरण तोच होऊन बसतो.

तेव्हा कार्ब्युरेटरच्या गाडीसाठी मल्टिमीटर आणि साध्या बल्बचा टेस्ट लॅम्प अशी जोडीच घ्यावी. एकच घेणे शक्य असेल तर मल्टिमीटर घ्यावा आणि भारासाठी होल्डरसह एक सुटा बल्ब जवळ ठेवावा. इंजेक्शनच्या गाडीत संगणकाच्या आणि सेन्सरच्या वायरींना टेस्ट लॅम्प लावू नये, कारण तो ओढत असलेला प्रवाह त्या परिपथांना झेपेलच असे नाही. वायरीच्या आवरणात सुई खुपसण्याऐवजी ती कनेक्टरच्या मागून आत सरकवावी, नाहीतर त्या छिद्रातून ओल शिरून काही महिन्यांनी तिथेच हिरवा थर धरतो. काही सोडवायचे असेल तेव्हा बॉडीला जोडलेले बॅटरीचे टोक आधी काढावे आणि शेवटी लावावे. एअरबॅगच्या, बहुधा पिवळ्या असणाऱ्या कनेक्टरांना यांपैकी कोणतेच उपकरण लावू नये; ते काम आणि डॅशबोर्डच्या आत वितळलेले हार्नेस ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्यावे, आणि देताना कोणत्या जोडावर किती घट मिळाली ते आकडे लिहून द्यावेत, म्हणजे त्याला तपासणी पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही.