नानांच्या डायलिसिससाठी गावचं स्टेशन : आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या आषाढापासून मी आणि नाना (माझे वडील, वय ७८) आठवड्यातून दोनदा आमच्या गावच्या स्टेशनवरून जळगावला जातो. नानांचं डायलिसिस असतं. स्टेशन चाळीसगाव ते जळगावच्या मधलं, छोटं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्या तिथल्या माणसांच्या माथी बसायला नकोत. माणसं फार चांगली आहेत.

पहिला प्रश्न सगळेच विचारतात : पंचाहत्तरीच्या पुढे एसटी फुकट, बाईमाणसाला अर्धं तिकीट, मग रेल्वेचा खटाटोप कशाला? पहिले तीन आठवडे आम्ही एसटीनेच गेलो. चार तास मशीनवर पडून उठलेल्या माणसाला खड्ड्यांतून बसमध्ये आणणं काय असतं ते मी पाहिलंय. एकदा नाना रस्त्यातच गळून गेले, बस थांबवावी लागली. मेमूत (छोट्या स्टेशनांवर थांबणाऱ्या विजेच्या पॅसेंजर गाडीत) निदान पाय लांब करता येतात, संडास आहे, आणि गचके बसत नाहीत. एवढ्यासाठी मी रेल्वेचं भाडं आनंदाने भरते. भाडं तरी किती? कोरोनानंतर पॅसेंजरला एक्स्प्रेसचं भाडं लावलं होतं, कमीत कमी ३० रुपये. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते परत १० वर आलं. ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० मध्ये बंद झाली ती झालीच.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. डायलिसिसला जाणाऱ्या किडनीच्या पेशंटला आणि सोबतच्या एका माणसाला सेकंड क्लासमध्ये ७५ टक्के सवलत असते. दवाखान्याकडून ठरलेल्या नमुन्यात सर्टिफिकेट घ्यायचं आणि खिडकीवर दाखवायचं. आमच्या जवळच्या अंतराला त्याने फारसा फरक पडत नाही, पण नाशिक-मुंबईला पेशंट नेणाऱ्यांनी जरूर घ्यावी.

आता खरी अडचण. फलाट. मोठ्या स्टेशनांवर तो रुळापासून पाऊण मीटरच्या वर असतो, गाडीत पाय टाकला की झालं. आमचा बुटका आहे. डब्याची पहिली पायरी नानांच्या मांडीशी येते. गाडी थांबते मिनिटभर. पहिल्या दिवशी मी वरून ओढत होते, खालून दोन पोरं ढकलत होती, आणि नानांचं धोतर पायरीत अडकलं. डायलिसिससाठी ज्या हातात फिस्टुला (सुया टोचायला जोडून केलेली रक्तवाहिनी) केलेला असतो त्या हाताला ओढायचं नसतं, हे त्या पोरांना कुठून ठाऊक असणार? दुसऱ्या खेपेपासून घरचा निळा प्लास्टिकचा स्टूल सोबत घेतला. मी आधी चढते, नाना स्टुलावर पाय ठेवतात, पेरू विकणारी मावशी मागून त्यांच्या कमरेला हात देते आणि गाडी हलायच्या आत स्टूल दारातून माझ्याकडे फेकते. "ले वं माय, धर स्टूल!" आठ महिन्यांत एकदाच तो खाली राहिला. संध्याकाळी उतरलो तर पॉइंट्समन दादांनी खोलीत जपून ठेवलेला.

उतरताना जळगावला काही त्रास नाही. उंच फलाट, लिफ्ट, सगळं आहे.

वाट पाहणं हा या स्टेशनचा मोठा भाग, तेही सांगायला हवं. आमचा रस्ता मुंबईहून नागपूर, हावडा, दिल्लीकडे जाणाऱ्या गाड्यांचा. मागून एक्स्प्रेस असली की मेमूला लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, घेतात. ती एक्स्प्रेस पुढचं स्टेशन ओलांडत नाही तोवर आम्हाला सिग्नल नाही. त्यात मालगाडी घुसली की पाऊण तास गेला. जळगाव-मनमाड तिसऱ्या लाईनीकडे आमच्यासारखे लोक डोळे लावून बसलेत ते यासाठीच. जाताना उशीर झाला तर दवाखान्यात फोन करून मशीनची वेळ सरकवते. येताना झाला तर नानांना फलाटावर आडवं करते, उशाला माझी पिशवी.

त्या वाट पाहण्यात नाना बोलतात. एरवी डायलिसिसच्या दिवशी ते गप्प असतात, पण स्टेशनवर बसले की तोंड उघडतं. "आमना टाइमले पुठ्ठानं तिकीट ऱ्हाये," म्हणतात, आणि बाबू ते यंत्रात घालून तारीख कशी उठवायचा ते बोटांनी दाखवतात. मालधक्क्यावर कापसाच्या गाठी चढताना त्यांनी लहानपणी पाहिल्यात. आता तिथे बाभळी आहेत, रूळ काढून नेले.

या कापसामुळेच मी लाईनीचा इतिहास वाचायला घेतला. १८६१ मध्ये रूळ चाळीसगावला पोचले, १८६३ मध्ये भुसावळला. गंमत अशी की तेव्हा कसारा-इगतपुरीचा घाट अजून पुरा व्हायचा होता. तो १ जानेवारी १८६५ ला सुरू झाला. म्हणजे आपल्या खानदेशात गाडी धावत होती आणि मुंबईचा माल-माणूस घाटातून गाडीवाटेने चढत होता. तेव्हाच अमेरिकेत यादवी पेटलेली, तिथला कापूस इंग्लंडला पोचेना, आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुढे १८७० मध्ये हीच लाईन जबलपूरमार्गे कलकत्त्याला जोडली गेली. धुळ्याचा फाटा १९०० चा. आमच्यासारखी स्टेशनं पाणी, माल आणि सिग्नलसाठी बांधली, माणूस नंतर आला. नानांना हे वाचून दाखवलं तर म्हणाले, मग आपला फलाट बुटका का ते समजलं.

पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी पीजे छोटी गाडी कोरोनात बंद पडली, तिची आठवण ते दर खेपेला काढतात. आता तिथे मोठ्या रुळाचं काम चाललंय.

बाकीच्या सोयी थोडक्यात. तिकीट खिडकी गाडीच्या आधी अर्धा तास उघडते. मोबाइलवर काढायचं असेल तर घरून निघतानाच काढा, फलाटावर गेल्यावर फलकावरचा क्यूआर शोधत बसावं लागतं. पिण्याच्या नळाला चैत्र-वैशाखात भरवसा नाही, घरून बाटली आणा. शेडची पत्र्याची दोन पानं गळतात, दक्षिणेकडच्या बाकावर पावसात बसू नका. संडासाला कुलूप असतं, पण किल्ली मास्तरसाहेबांकडे मागितली की लगेच मिळते. दिवे छान आहेत, रात्री नऊला उतरताना मला कधी भीती वाटली नाही.

पूल नाही. लोक रूळ ओलांडतात आणि मला ते बघवत नाही. २२ जानेवारी २०२५ ला परधाडे-माहेजीच्या मधे आगीच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेसमधून रुळावर उतरलेल्या माणसांना कर्नाटक एक्स्प्रेसने उडवलं. ती जागा आमच्याच लाईनीवर आहे. घाई असली तरी फाटकावरून वळसा घाला, पाच मिनिटं जातात.

गावाने आणखी एका गाडीच्या थांब्यासाठी अर्ज केलाय. अशा वेळी स्टेशनची तिकीटविक्री पाहतात, म्हणून एका स्टेशनाचा प्रवास असला तरी तिकीट काढा. आमच्याकडे "कोण तपासतं" म्हणणारे खूप आहेत, आणि तेच थांबा मागायला पुढे असतात.

म्हातारं माणूस सोबत असेल तर निंबाच्या झाडासमोर उभे राहा. तिथे फलाटाला नंतर भर घातलेली आहे, एक वीत उंच आहे. जळगावकडे जाताना मधला डबा बरोबर तिथेच लागतो. स्टूल लागलाच तर मावशीला विचारा, दुपारी आमचा निळा तिच्याच टोपलीशेजारी असतो.