गर्भधारणेच्या तयारीचे नऊ महिने : गोळ्या, भाकरी आणि तपासण्या यांचा वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर आम्ही दोघांनी गर्भधारणेची शक्यता वाढावी म्हणून आहार, पूरक औषधे आणि दिनचर्या यांत ठरवून बदल केले. त्याला आता नऊ महिने झाले. माझे वय ३१, पतींचे ३४. आम्ही सोलापुरात विजापूर रोडला राहतो. मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि पती अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात रंगाई विभागात काम करतात. अजून दिवस राहिलेले नाहीत, हे सुरुवातीलाच सांगते, म्हणजे पुढचे वाचताना कोणाची दिशाभूल होणार नाही. मात्र जे बदल झाले ते रिपोर्टमध्ये दिसतात. कशासाठी दिलेले पैसे कामी आले आणि कशासाठी गेलेले पैसे व्यर्थ गेले, हे मला आता बऱ्यापैकी स्पष्टपणे सांगता येते.

वर्षभर नियमित प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही तर, आणि स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच, दोघांची तपासणी करावी असे वैद्यकशास्त्र सांगते. आमची तेव्हा पावणेदोन वर्षे उलटून गेली होती. त्यातले पाच महिने आम्ही ज्या दवाखान्यात जात होतो तिथे मला दर महिन्याला गोळ्या लिहून मिळत होत्या, पण पतींना एकदाही तपासणी करायला सांगितले नाही. जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचाही वाटा असतो, हे मला नंतर कळले. त्या पाच महिन्यांत हळदीकुंकवाला, बारशाला, लग्नाला गेले की ‘गोड बातमी कधी?’ हा प्रश्न मलाच विचारला जायचा आणि मीही दोष आपलाच असे धरून चालले होते. त्याचे मला आजही वाईट वाटते.

दुसऱ्या डॉक्टरांनी औषध देण्याआधी दोघांचे रक्त आणि पतींचे वीर्य तपासायला सांगितले. माझे हिमोग्लोबिन १०.२ निघाले, म्हणजे स्त्रियांसाठी धरल्या जाणाऱ्या १२ च्या रेषेखाली. ड जीवनसत्त्व ११ आणि बी-१२, दोन्ही बरेच कमी, आणि थायरॉइडचा टीएसएच (ही ग्रंथी मंद चालली की वाढणारे हार्मोन) ६.१, म्हणजे जास्त. सोनोग्राफीत पीसीओएस (बीज वेळेवर न सुटता पाळी लांबते असा बीजकोशांचा विकार) दिसले आणि पाळी तर पूर्वीपासूनच ४५ ते ६० दिवसांनी येत होती. उंची १५६ सेंटिमीटर असून वजन ७१ किलो होते. एवढे सगळे एका कागदावर पाहून मी घरी येऊन रडले. पण आता मागे वळून पाहते तेव्हा वाटते की नऊ महिन्यांतला सर्वांत उपयोगी खर्च त्या पहिल्या तपासण्यांचाच होता, कारण पुढचे प्रत्येक औषध कोणत्या उणिवेसाठी आहे हे त्यामुळे कळले.

थायरॉइडची गोळी मी पहिले दोन महिने चुकीच्या पद्धतीने घेतली. पहाटे उठल्यावर थायरॉइडची आणि लोहाची गोळी एकाच घोटात घेऊन मी मोकळी होत असे. दोन महिन्यांनी टीएसएच जेमतेम ५ वर आलेला पाहून डॉक्टरांनी गोळ्या कशा घेता हे विचारले, तेव्हा चूक उघड झाली. लोह आणि कॅल्शियम थायरॉइडच्या औषधाचे शोषण अडवतात, म्हणून त्यांच्यात किमान चार तासांचे अंतर हवे. तेव्हापासून थायरॉइडची गोळी पहाटे साडेपाचला फक्त पाण्याबरोबर घेते, तासाभराने चहा, आणि लोहाची गोळी दुपारी शाळेतून आल्यावर लिंबूपाण्याबरोबर. एप्रिलमध्ये टीएसएच २.३ झाला. डोस तोच होता; बदलली ती फक्त वेळ. गोळ्यांच्या पाकिटावर ही सूचना ठळक अक्षरांत असायला हवी असे मला मनापासून वाटते.

फोलिक अ‍ॅसिडबद्दल मात्र माझे मत सुरुवातीपासून आजपर्यंत एकच आहे: मूल हवे असे ठरवलेल्या प्रत्येक स्त्रीने ते आधीपासून घ्यावे. बाळाचा मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू ज्या नळीपासून तयार होतो ती नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकल्याचे नीट लक्षात येईपर्यंत ते काम संपत आलेले असते. रोजचे ४०० मायक्रोग्रॅम हे नेहमीचे प्रमाण आहे. आपल्याकडे दुकानात सहसा ५ मिलिग्रॅमची गोळी हातात ठेवली जाते. तो मोठा डोस विशेष कारण असलेल्यांसाठी असतो, म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. मला दुकानदाराने ‘अ‍ॅक्टिव्ह’ फोलेटची दहापट महाग गोळी सुचवली होती. मी साधीच घेत राहिले, कारण बाळाच्या कण्यातले दोष टळतात हा पुरावा साध्या फोलिक अ‍ॅसिडचाच आहे. या गोळीने गर्भ लवकर राहतो असे नाही. ती होणाऱ्या बाळासाठी आहे, एवढे समजून घेतले की अपेक्षाभंग होत नाही.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठ आठवडे दर रविवारी दुधातून घेतली आणि नंतर महिन्याला एक. एवढे कडक ऊन असलेल्या गावात ही उणीव कशी, हा प्रश्न सासूबाईंनी विचारला होता. आपण ऊन टाळूनच जगतो, स्कार्फ आणि पूर्ण बाह्यांचे हातमोजे घालून गाडी चालवतो, हेच त्याचे उत्तर. मनाने या पुड्या वाढवू नयेत, कारण हे जीवनसत्त्व शरीरात साठते.

सर्वांत जास्त पैसे गेले ते पीसीओएससाठी घेतल्या जाणाऱ्या इनोसिटॉल या पूरकाच्या पुड्यांवर: महिन्याला बाराशे ते चौदाशे रुपये. मायो-इनोसिटॉल २ ग्रॅम सकाळी आणि २ ग्रॅम रात्री, पाण्यात विरघळवून. चव किंचित गोड, पोटाला त्रास काही नाही. चौथ्या महिन्यापासून माझी पाळी ३८ दिवसांवर आली आणि सध्या ३३ ते ३५ दिवसांवर स्थिरावली आहे. पण त्याच काळात वजन पाच किलोंनी उतरले आणि थायरॉइडही ताळ्यावर आले, त्यामुळे श्रेय कोणाला द्यावे हे मला प्रामाणिकपणे ठरवता येत नाही. पीसीओएसमध्ये वजनाच्या ५ ते १० टक्के घटीनेही बीजनिर्मिती पुन्हा सुरू होऊ शकते, आणि माझी घट ७ टक्के आहे. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही इनोसिटॉलचा पुरावा मर्यादित आहे, अपाय फारसा नाही, रुग्णाच्या इच्छेनुसार द्यावे, अशीच भूमिका आहे. परवडत असेल तर घ्यावे; त्यासाठी घरखर्च ओढाताणीत टाकू नये.

ओव्ह्युलेशनच्या, म्हणजे बीज सुटण्याची वेळ सांगणाऱ्या, पट्ट्यांबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण पीसीओएस असलेल्या बहिणींची यात हमखास फसगत होते. लघवीतले एलएच हार्मोन वाढले की चाचणीची रेघ शेजारच्या रेघेइतकी गडद होते आणि पुढच्या २४ ते ३६ तासांत बीज सुटते, असे पाकिटावर लिहिलेले असते. फेब्रुवारीत मी शाळेतून आल्यावर दीड वाजता, न्हाणीघराच्या खिडकीशी पट्टी उजेडात धरून रोज पाहत होते. अकराव्या दिवशी रेघ गडद झाली. बाराव्या दिवशीही, तेराव्याही, असे करत थेट सोळाव्या दिवसापर्यंत. त्या सहा दिवसांत आम्ही दोघे थकून गेलो, आणि पाळी आली ती ४७ व्या दिवशी! बीज सुटल्यानंतर साधारण १४ दिवसांनी पाळी येते. त्या हिशेबाने ती रेघ खोटी होती. पीसीओएसमध्ये एलएच मुळातच चढे असू शकते, त्यामुळे पट्टी उगीचच होकार देते. पट्ट्यांऐवजी पाळीच्या अपेक्षित तारखेच्या सात दिवस आधी रक्तातील प्रोजेस्टेरॉन पाहावे, असे डॉक्टरांनी सुचवले. ते ३ च्या वर असेल तर बीज सुटले असे मानतात. सर्वजण ‘एकविसाव्या दिवसाची तपासणी’ म्हणतात, पण ती २८ दिवसांच्या पाळीसाठी आहे. ३५ दिवसांच्या पाळीला ती २८ व्या दिवशी करावी लागते. माझे मेमध्ये ९.४ आणि जूनमध्ये ११.२ आले. तो आकडा पाहून झालेला आनंद मी विसरणार नाही. पहाटेचे शरीराचे तापमान लिहून ठेवण्याचा प्रयोगही केला, पण उन्हाळ्यात रात्री तीन वेळा झोपमोड होत असताना त्या नोंदींना अर्थ उरत नव्हता, म्हणून सोडला.

आहारासाठी बाहेरचे काही आणावे लागले नाही. घरी मालदांडी ज्वारीची भाकरी होतीच. तरी मी शाळेच्या डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी नेत असे आणि चार वाजता चहाबरोबर खारी खात असे. अमेरिकेतल्या सुमारे साडेसतरा हजार परिचारिकांच्या पाहणीत, जी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, वनस्पतिज प्रथिने जास्त, ट्रान्स फॅट कमी आणि लोह पुरेसे असा आहार घेणाऱ्यांत बीज न सुटल्यामुळे येणारे वंध्यत्व कमी आढळले होते. ती फक्त पाहणी होती, त्यातून कारण सिद्ध होत नाही. पण त्यातले पदार्थ आपल्या स्वयंपाकघरातलेच आहेत हे मला भावले. खारी बंद केली. डब्यात दीड भाकरी, मटकीची उसळ किंवा हुलग्याची आमटी, वर लिंबाची फोड, आणि एक दिवसाआड उकडलेले अंडे. शेंगाचटणीचे प्रमाण ठरवणे मला सर्वांत अवघड गेले. सासूबाई ती अजून उखळात कुटतात आणि तेल सुटलेली चटणी ताटात आली की चमच्यांची गणती राहत नसे. पौष्टिक असली तरी तिच्यातून बरीच ऊर्जा पोटात जाते, म्हणून आता एक चमचा ताटात घेऊन बरणी परत फडताळात ठेवते. जेवणाला लागून चहा घेणे बंद केले, कारण चहाने लोह नीट शोषले जात नाही. आठ महिन्यांत हिमोग्लोबिन १२.४ झाले.

चालणे आठवड्यातून पाच दिवस, पाऊण तास, कंबर तलावाच्या बाजूला. उन्हाळ्यात सहाच्या आत घराबाहेर पडावे लागायचे. रात्री साडेदहाला मोबाइल बंद. याविषयी एवढेच पुरे.

पतींच्या पहिल्या तपासणीत शुक्रजंतू मिलिलिटरला १ कोटी १० लाख आणि हालचाल ३१ टक्के होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आणि ४२ टक्के आहे. त्यांना तंबाखू-सुपारीचा मावा खायची सवय दहा वर्षांची, दिवसाला पाच-सहा पुड्या. शिवाय कापड वाळवणाऱ्या स्टेंटर यंत्राजवळ आठ तास काम. वृषण शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते चार अंश थंड राहावेत अशीच त्यांची रचना असते. जानेवारीत गड्ड्याची यात्रा उठली त्या रात्री त्यांनी शर्टाच्या खिशातून शेवटच्या दोन पुड्या काढून माझ्या हातात दिल्या आणि ‘तू गोळ्या घेतेस, मी एवढे तरी करतो’ एवढेच म्हणाले. त्या खिशात आता बडीशेप आणि भाजलेल्या जवसाची स्टीलची डबी असते. मार्चमध्ये एका लग्नात दोनदा मोडले, हेही खरे. पर्यवेक्षकांशी बोलून त्यांनी घडी आणि पॅकिंगच्या विभागात बदली मागून घेतली. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस आणि पुढच्या प्रवासाला आणखी काही दिवस लागतात, म्हणून तीन महिन्यांच्या आत पुन्हा तपासणी करण्यात अर्थ नसतो. एप्रिलअखेर, पारा ४२ च्या वर असताना केलेल्या तपासणीत संख्या १ कोटी ८० लाख आणि हालचाल ४४ टक्के आली. एकाच माणसाच्या दोन नमुन्यांत एरवीही फरक पडतो, त्यामुळे तिसरी तपासणी होईपर्यंत मी ठाम विधान करणार नाही. त्यांना दुकानातून जस्ताच्या गोळ्या सुचवल्या होत्या, त्या आम्ही घेतल्या नाहीत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २,३७० जोडप्यांच्या अमेरिकी चाचणीत पुरुषांना सहा महिने जस्त आणि फोलिक अ‍ॅसिड देऊनही मूल होण्याच्या प्रमाणात फरक पडला नव्हता.

एका नातेवाईकांनी प्रेमाने दिलेले ‘संतती चूर्ण’ मात्र मी दोन आठवडे घेतले, याचा पश्चात्ताप आहे. पुडीवर घटक, प्रमाण, उत्पादकाचा पत्ता, बॅच क्रमांक यांपैकी काहीही नव्हते. पित्त इतके वाढले की शाळेत उभे राहणे कठीण झाले. आत काय होते हे मला आजही सांगता येणार नाही, आणि गर्भ राहू शकेल अशा काळात तसली वस्तू पोटात घालायला नको होती.

सध्या चालू आहेत ती फोलिक अ‍ॅसिड, थायरॉइडची गोळी, बी-१२ आणि महिन्याची ड जीवनसत्त्वाची पुडी. इनोसिटॉलचा हा शेवटचा डबा. पुढचे तीन महिने त्याविना पाळी कशी राहते ते पाहणार आहे. पट्ट्यांचे अर्धे पाकीट उरले आहे, ते जाऊबाईंना दिले. त्यांची पाळी नियमित आहे, त्यांना उपयोग होईल. येती पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसांत गर्भनलिकांची एचएसजी तपासणी ठरली आहे. नलिका मोकळ्या निघाल्या आणि दिवाळीपर्यंत दिवस राहिले नाहीत, तर बीज सुटायला मदत करणाऱ्या लेट्रोझोलच्या गोळ्या आणि सोनोग्राफीने बीजाची वाढ पाहणे सुरू होईल. तपासणीच्या दिवशी पतींनी रजा टाकली आहे, आम्ही दोघे जाणार आहोत.