जळगावातील एका वधूवर सूचक केंद्राचा वर्षभराचा अनुभव

माझी मुलगी आणि पुतण्या, अशा दोघांची नावे आम्ही एकाच केंद्रात नोंदवली, त्यामुळे दोन्ही अर्ज शेजारी ठेवून पाहता आले. मुलाच्या अर्जात मासिक उत्पन्न, स्वतःचे घर, शेती किती एकर आणि ती बागायत की जिरायत, अशी बारीक विचारणा आहे. मुलीच्या अर्जात वर्ण, उंची, चष्मा आणि उभा फोटो यांवर भर असून पगारासाठी जेमतेम अर्धी ओळ आहे.

हा भेद केंद्राने निर्माण केलेला नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बस यांच्या १९८९ मधील ३७ समाजांच्या पाहणीतही पुरुषांनी रूपाला आणि कमी वयाला, तर स्त्रियांनी कमाईला तुलनेने अधिक महत्त्व दिल्याचे आढळले होते. पुढे १९९९ मध्ये ईगली आणि वुड या मानसशास्त्रज्ञांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासून दाखवले, की स्त्रीपुरुष समानता जिथे अधिक, तिथे यातले काही फरक कमी होतात. पुतण्याची रावेरकडे सहा एकर केळी आहे, तरीही पाच स्थळांनी शेती म्हणताच नकार कळवला. मी त्या मुलींना लोभी म्हणणार नाही. एका संध्याकाळच्या वादळात उभी बाग आडवी झालेली ज्यांनी घरी पाहिली आहे, त्यांनी महिन्याच्या पगाराची खात्री मागितली तर त्यात गैर काय?

माझी तक्रार वेगळी आहे. बस यांच्याच पाहणीत प्रेमळ, समजूतदार स्वभाव आणि बुद्धी यांना स्त्रीपुरुष दोघांनीही वरचे स्थान दिले होते, आणि नेमके तेच या अर्जात कुठे विचारलेले नाही. माझ्या मुलीने अर्जाच्या पाठीमागे स्वतःच्या अक्षरात लिहिले होते, ‘राग आला तरी आवाज न चढवणारा हवा.’ छापील पुस्तिकेत ती ओळ आली नाही. विचारल्यावर उत्तर मिळाले, “ताई, त्याला रकानाच नाही.”

परिचय मेळावा मात्र मनापासून आवडला. ‘फक्त नोकरीवाला’ अशी अपेक्षा नोंदवलेल्या एका मुलीने तिथे पुतण्याला ठिबकचा खर्च, घडाचे वजन, व्यापाऱ्याकडची थकबाकी असे तासभर विचारले, आणि त्याने कर्जाचा आकडाही लपवला नाही. त्यांची बोलणी अजून सुरू आहेत. नोंदणी करणाऱ्यांनी पुस्तिकेवरून नकार कळवण्याआधी एकदा मेळाव्याला जावे, आणि केंद्राने पुढच्या छपाईत स्वभावासाठी दोन ओळी सोडाव्यात.