बसस्टँडमागचं फॉर्मचं दुकान : साडेतीन स्टार

पोलीस भरती, तलाठी, जातपडताळणी, पीकविमा यांसाठी आमच्या रावेर तालुक्यातल्या या दुकानात डोळे झाकून जा. माझं काम जरा वेगळं होतं. एका विद्यापीठाला जनुकशास्त्र आणि संगणकीय जीवशास्त्राच्या प्रकल्पावर जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधक, हवा होता. जाहिरात वाचून दुकानदार भाऊंनी विचारलं, "यात मैदानी आहे का?"

मैदानी नाही, आणि जागा एकच. "मंग एका जागेसाठी एवढे कागद?" सीव्ही, एमएस्सीच्या गुणपत्रिका, नेट परीक्षेचा निकाल, 'हे संशोधन का करायचंय' यावर एक पान, सगळं एकाच पीडीएफमध्ये. इथं भाऊंना मानलं. चौदा एमबीची फाइल दोन एमबीत बसवली, तरी मार्क नीट वाचता येत होते. पन्नास केबीत सह्या बसवून हात बसलाय म्हणे.

महिना ३७,००० आणि वर घरभाडं, हे ऐकून त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. प्रकल्प संपला की नोकरीही संपते, हे सांगितलं आणि मागवलेला चहा काही आला नाही.

काम काय, ते केळीवरूनच समजावलं. आपल्या ग्रँड नैनमध्ये गुणसूत्रांचे तीन संच, म्हणून बी धरत नाही. टिश्यूकल्चरची रोपं सगळी एका साच्यातली, सीएमव्ही हा विषाणू, म्हणजे आपला हरण्या रोग, आला की सगळ्यांना सारखाच धोका. केळीचा जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा जनुकीय मजकूर, २०१२ साली वाचला गेला, पन्नास कोटींहून जास्त अक्षरं. ती चाळायला लिनक्स, पायथन, आर असली संगणकाची साधनं लागतात. भाऊ माउस सोडून माझ्याकडे बघत राहिले. "मागच्या साली कुठं होता तू? मी निम्मी बाग उपटली."

आता दीड स्टार का कापला ते. ई-मेलच्या रकान्यात त्यांनी सवयीनं स्वतःचाच पत्ता टाकला. मुलाखतीचं पत्र चार दिवस त्यांच्या इनबॉक्सात, लोकांच्या ओटीपींखाली पडून. मी विद्यापीठात फोन केला तेव्हा कळलं, उद्या सकाळी अकराला हजर व्हायचंय. भुसावळहून रात्रभर उभ्यानं गेलो. प्रिंट मी तपासली नव्हती, तेही खरं.

मुलाखतीत समोर लॅपटॉप ठेवला आणि फास्टा फाइलमध्ये, म्हणजे डीएनएची अक्षरं साठवलेल्या साध्या फाइलमध्ये, किती क्रम आहेत ते मोजायला सांगितलं. एका ओळीची कमांड, जमली. मग संख्याशास्त्रातल्या पी-व्हॅल्यूवर अडकलो. प्रतीक्षा यादीत मी दुसरा आहे.

पुढच्या अर्जाचे पैसे भाऊंनी घेतले नाहीत. लाइट गेली की इन्व्हर्टरवर एकच कॉम्प्युटर चालतो, तेव्हा सकाळी जा. आणि ई-मेलचा रकाना आला की कीबोर्ड स्वतःकडे ओढून घ्या. भाऊ रागवत नाहीत.