ग्रोथ हार्मोनचं पेन, मोठ्या वयात: आठ महिन्यांच्या वापरानंतर

शरीरात कमी पडणारं ग्रोथ हार्मोन पेनसारख्या इंजेक्शनने रोज घ्यायचं, त्यात टोचणं हा सगळ्यात सोपा भाग. चार मिलिमीटरची सुई, रात्री झोपताना, आज पोटावर तर उद्या मांडीवर. रोज एकाच जागी टोचलं की तिथे खड्डा तरी पडतो, नाहीतर गाठ. बटण पूर्ण दाबून दहापर्यंत मोजायचं, मगच सुई काढायची. टोकाशी थेंब लोंबला तर मोजायची घाई झाली. सुई पेनलाच लावून ठेवली तर हवा शिरते, औषध गळतं आणि दुसऱ्या दिवशीचा डोस कमी पडतो.

खरेदीआधी हिशेब मांडा. तिशी ते साठीत सुरुवात साधारण रोज 0.2 ते 0.3 मिलिग्रॅमने होते. 10 मिलिग्रॅमचं पेन सोयीचं वाटतं, पण अनेक पेनं उघडल्यावर 28 दिवसांनी टाकावी लागतात. रोज 0.3 म्हणजे 8.4 संपतात, उरलेलं महागडं औषध कचऱ्यात. त्यापेक्षा 5 ची दोन बरी. चिठ्ठीवर युनिट लिहिलंय की मिलिग्रॅम तेही बघा: 1 मिलिग्रॅम म्हणजे 3 युनिट, गल्लत झाली की डोस थेट तिप्पट.

फ्रिजमध्ये 2 ते 8 अंश, पण मागच्या भिंतीला टेकवून नको. एकदा गोठलेलं औषध वितळून स्वच्छ दिसलं तरी वाया गेलेलंच. प्रवासात बर्फाची पिशवी आणि पेन यांच्यामध्ये टॉवेलची घडी ठेवा.

अंगठी रुतते, घोट्यावर मोज्याचे वळ उठतात, रात्री बोटांना मुंग्या येतात? पाणी साठतंय, म्हणजे बहुधा डोस जास्त होतोय, डॉक्टरांना कळवा. डोस महिना-दोन महिन्यांनी आयजीएफ-1 (ग्रोथ हार्मोनचा परिणाम दाखवणारी रक्ततपासणी) बघूनच वाढवतात, घाई अंगाशी येते. इस्ट्रोजेनची गोळी चालू असेल तर डोस जास्त लागतो, पॅच असेल तर तसं नाही.

पिट्युटरीच्या (मेंदूखालच्या, हार्मोन बनवणाऱ्या ग्रंथीच्या) ऑपरेशननंतरच्या रुग्णांनी हे विशेष लक्षात ठेवावं: हे औषध सुरू झालं की शरीरात निष्क्रिय कॉर्टिसोन कॉर्टिसोल या गरजेच्या हार्मोनमध्ये कमी बदलतं, फ्री टी-4 (रक्तातलं थायरॉइड हार्मोन) ही उतरू शकतं. आधी पुरणारी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसोलची भरपाई करणारी गोळी) अपुरी पडू लागते. चक्कर, मळमळ, गळून जाणं सुरू झालं तर इंजेक्शनला दोष देऊन ते बंद करण्याआधी कॉर्टिसोल आणि फ्री टी-4 च्या तपासण्या करून घ्या.

फायदा वजनकाट्यावर शोधू नका. चरबी उतरते, स्नायू भरतात, आकडा तिथेच. कमरेला टेप लावा. हाडांची घनता तर पहिल्या वर्षात थोडी घटलेलीही दिसते, चढायला दीड-दोन वर्षं जातात. सहाव्या महिन्यातला स्कॅन फुकट धास्ती देतो.